सांभाळणाऱ्या मुलांचा सांभाळ

दसऱ्याला गावोगावी सीमोल्लंघन होते, सोने वाटले जाते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील बीड जिल्ह्याची गावे निराळेच सीमोल्लंघन करतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांपुढे मुकादमांचे ट्रक आणि ट्रॅक्टर उभे राहतात. भांडीकुंडी, धान्याची पोती, कोंबड्या आणि तान्ही मुले यांसह ऊसतोड्यांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या वाटेला लागतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या पाच महिन्यांत गावात कोण उरते, याचे उत्तर सारेच देतात: म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. या दोहोंपैकी कोण कोणाला सांभाळते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

मुले आजी-आजोबांच्या देखरेखीखाली राहतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अनेक घरांत ती खरीही असते. परंतु जेथे आजीला दिसत नाही किंवा आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत, तेथे ही व्यवस्था उलटी होते. दहा-बारा वर्षांची मुलगी पहाटे चूल पेटवते, पाणी भरते, आजोबांना उठवून बसवते, गोळ्या देते, धाकट्या भावाला अंघोळ घालून शाळेत धाडते आणि मग स्वतः उशिरा वर्गात शिरते. जी मुले आईबापांसोबत जातात, त्यांचीही गत वेगळी नाही. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात गेले की कोपीत राहिलेल्या तान्ह्या भावंडाची झोळी हलवणे, त्याला दूध-पाणी पाजणे आणि भाकरी करून ठेवणे हे काम आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या वाट्याला येते. आजारी बाप, अपंग भाऊ, अकाली विधवा झालेली आई यांचा भार वाहणारी मुले तर ऊसतोडीबाहेरच्या घरांतही आहेत. शेतकरी आत्महत्यांचा शाप सोसलेल्या या जिल्ह्यात त्यांची वाण नाही.

या मुलांना मराठीत नाव नाही. गावात त्यांना ‘गुणी पोर’ म्हणतात. या दोन शब्दांतच त्यांच्या प्रश्नाची बोळवण होते. ‘श्यामची आई’ वाचून डोळे पुसणाऱ्या महाराष्ट्राला आईच्या कामात हात लावणाऱ्या श्यामचे कौतुक आहे, आणि ते असावेही. परंतु कौतुकाला पैसा लागत नाही, पाळणाघराला लागतो. ज्या समाजाला दुसरी गोष्ट परवडत नाही तो पहिलीवर भागवतो. समाजवादी कार्यकर्त्यांनी, विशेषतः तरुण कार्यकर्त्यांनी, ही बाब स्पष्टपणे समजून घेणे अगत्याचे आहे. मुलांनी केलेला सांभाळ हे श्रम आहेत. या श्रमांचा लाभ कोणी तरी घेत आहे, आणि ते मोजल्याखेरीज व वाटून घेतल्याखेरीज त्या मुलांच्या शिक्षणाच्या हक्काला अर्थ नाही.

हे श्रम कोणाच्या पदरात पडतात, ते साखरेच्या अर्थव्यवहारात पाहावे. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि महाराष्ट्रात साखरेच्या सहकाराचे नवे पर्व सुरू झाले. या सहकारात ऊस पिकवणारा सभासद झाला, ऊस तोडणारा झाला नाही. तोडणाऱ्याशी कारखान्याचा व्यवहार मुकादमामार्फत चालतो, उचल मुकादम देतो. या व्यवहाराचे एकक ‘कोयता’ आहे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हिशेबाच्या वहीत दोन माणसांचे एक होते आणि मुलांचे शून्य होते. वस्तुतः कोपीतील मुलीने तान्हे सांभाळले नाही तर आईला फडात जाता येत नाही, आई गेली नाही तर कोयता अर्धा होतो, आणि अर्ध्या कोयत्याला पुरी उचल मिळत नाही. याचा अर्थ असा की, त्या मुलीचे श्रम प्रत्येक टन उसात मिसळलेले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारानुसार तोडणीच्या दरात ३४ टक्क्यांची वाढ मिळाली. कामगारांच्या लढ्याचे ते फळ होते व स्वागतार्ह होते. परंतु दर टनावर ठरतो, आणि टन उचलणाऱ्या हातांमागे झोळी हलवणारा हात कोणाचा, हे वजनकाट्याला दिसत नाही.

वजनकाट्याला दिसत नाही ते कायद्यालाही दिसत नाही. जनगणनेच्या व्याख्येनुसार केवळ घरकामात गुंतलेली व्यक्ती काम न करणाऱ्यांत गणली जाते. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी केली, पण शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाला मदत करण्याची मुभा ठेवली. शाळेची वेळ कोठे संपते आणि कुटुंबाची मदत कोठे सुरू होते, हे तपासण्यासाठी कोणी घरात येत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, तेव्हा सहा वर्षांवरील सर्वांच्या दिवसाचा हिशेब घेतला. घरकाम करणाऱ्या स्त्रिया व मुली त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष व मुलगे ९७ मिनिटे, असे तीत आढळले. घरातील कामाची मोजणी सहाव्या वर्षापासून करावी लागते, हे खुद्द सरकारने मान्य केले आहे. मान्य केलेल्या गोष्टीचा धोरणात विचार करणे तेवढे राहिले आहे.

राज्यघटनेतही एक फट राहून गेली आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. मात्र सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण हे ४५ व्या अनुच्छेदात, म्हणजे राज्याने प्रयत्न करावा अशा मार्गदर्शक तत्त्वांत, राहिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय सरकारने करावी असे बंधन घातले नाही, ती करता येईल एवढेच म्हटले. कागदावर ही दोन वेगळ्या वयोगटांची वेगळी कलमे आहेत. घरात मात्र नऊ वर्षांची बहीण आणि दीड वर्षाचा भाऊ एकाच कोपीत राहतात. धाकट्याला हक्क नाही, म्हणून थोरलीचा हक्क त्याच्या झोळीला बांधला जातो. कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवण्याचे जे प्रयोग झाले, त्यांतही हाच पेच होता. शाळा दारात आली तरी तान्ह्याची सोय झाल्याशिवाय थोरलीला उंबरठा ओलांडता येत नाही.

या भाराला आईच्या आरोग्याचीही एक कडा आहे. २०१९ साली विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकलेले होते. त्या आकड्यांनी देशभर खळबळ माजली. चर्चा डॉक्टरांची झाली, मुकादमांची झाली, दंडाच्या खाड्यांची झाली. शस्त्रक्रियेनंतर जिला जड उचलता येत नाही, जिची कंबर आणि हाडे अकाली दुखू लागतात, त्या आईचे घर कोण चालवते, हा प्रश्न त्या चर्चेत आला नाही. त्याचे उत्तर बहुधा तिच्या थोरल्या मुलीपाशी संपते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले होते, राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. बालविवाहाची कारणे अनेक आहेत. मुलीला एकटी मागे ठेवण्याचे भय आणि नवा कोयता जोडण्याची निकड ही त्यांतील ठळक कारणे होत. पण शाळेतून मनाने आधीच बाहेर पडलेल्या मुलीचे लग्न लावणे सोपे जाते, हेही तितकेच खरे. आणि सांभाळाच्या ओझ्याखाली मुलगी शाळेतून आधी मनाने बाहेर पडते, पटावरून नंतर.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. थोरल्यांनी धाकट्यांना सांभाळणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे, त्यातून माया आणि जबाबदारी वाढते, त्यात अन्याय कसला, असे म्हटले जाते. रीत जुनी आहे हे खरे. परंतु त्या रीतीत घरात काकू, आत्या, आजी अशी जाणती माणसे असत आणि मूल त्यांच्या हाताखाली मदत करी. स्थलांतराने ती माणसे पाच महिने काढून नेली आणि मदतनिसाला कर्ता करून ठेवले. मदत आणि भार यांतील फरक ओळखण्याची कसोटी सोपी आहे. मूल एक दिवस घरी नसले तर काय होते, ते पाहावे. काम जरा लांबले तर ती मदत होती. घरच थांबले, म्हातारे माणूस उपाशी राहिले, तान्हे रडत राहिले, तर तो भार होता. मायेचा प्रश्न यात येत नाही. माया दोन्हीकडे असते, आणि मायेपोटीच ही मुले तक्रार करीत नाहीत.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने पूर्वी शोधलेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला व पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम करू लागल्या, तेव्हा त्यांना दिसले की मुले शाळेला येत नाहीत याचे कारण मुलांत नाही, त्यांच्यावर सोपवलेल्या कामांत आहे. मुले गुरे राखत होती म्हणून शाळा कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. मुली भावंडे राखत होत्या म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. कडेवर भाऊ घेऊन आलेल्या मुलीला त्यांनी परत पाठवले नाही, भावाला उतरवून घेण्याची सोय केली. या अनुभवाचे सार एका वाक्यात सांगता येते: मुलीला शाळेत आणायचे असेल तर तिच्या कडेवरचे ओझे आधी कोणी तरी घेतले पाहिजे.

रोजगार हमीच्या परंपरेनेही हे तत्त्व मानले. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखवली. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात अशी तरतूद झाली की, कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर मजूर स्त्रियांपैकी एकीने त्यांना सांभाळावे आणि तिला मजुरी मिळावी. मुले सांभाळणे हे मजुरीस पात्र काम आहे, असे संसदेने या तरतुदीने मान्य केले. मग रस्त्याच्या कामावर जे काम मजुरीचे ठरले, ते उसाच्या फडावर नऊ वर्षांच्या मुलीचे फुकट कर्तव्य कसे ठरते?

आजच्या योजना वाचल्या की त्यांची दृष्टी कोठे अडते ते कळते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे तीत योजली आहेत. गावातच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे. या योजना हव्यातच. परंतु आंधळ्या आजीची काठी असलेली मुलगी वसतिगृहात जाणार नाही. तिच्या जाण्याने आजीचे काय होईल, याचे उत्तर कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात नसते. बालसंगोपन योजनेत २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये देण्याचे ठरले. त्या योजनेचाही प्रश्न हाच की, या मुलाला कोणी सांभाळणारे आहे काय? हे मूल कोणाला सांभाळत आहे, हा दुसरा प्रश्न विचारल्याखेरीज पहिल्याचे खरे उत्तर मिळत नाही. इंग्लंडने २०१४ च्या कायद्याने घरातील आजारी वा अपंगांना सांभाळणाऱ्या मुलांच्या गरजा तपासण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आणि २०२३ पासून शालेय गणनेत त्यांची वेगळी नोंद सुरू केली. बीडच्या शाळांना त्या देशाचा पैसा लागणार नाही, हजेरीपटावर एक रकाना लागेल.

तो रकाना भरण्यास पहिली मदत लागेल ती तरुणांची. अशी मुले शिक्षकापाशी बोलत नाहीत. उशीर का झाला, असे विचारले तर ‘पोट दुखत होतं’ म्हणतात, कारण घरची गोष्ट चारचौघांत सांगणे त्यांना कमीपणाचे वाटते. पण बाकावर शेजारी बसणाऱ्याला सारे ठाऊक असते. कोण डबा आणत नाही, कोण मधल्या सुटीत घरी पळते, कोणाच्या हातावर तव्याचे चटके आहेत, कोण सहलीला कधीच येत नाही, हे वर्गातील मुलांना कळते. त्याचा अर्थ मात्र त्यांना कोणी सांगितलेला नसतो. म्हणून त्या मुलीची थट्टा होते, ‘म्हातारी’ असे टोपणनाव पडते, खेळातून ती वगळली जाते. तरुणांना समजावून सांगण्याची पहिली गोष्ट हीच की, ती मुलगी आळशी नाही, मंद नाही आणि दयेचा विषयही नाही. ती एक पूर्ण दिवसाचे काम करून वर्गात आलेली आहे.

दुसरी गोष्ट मुलग्यांना सांगायची आहे. समता ही घोषणा शिबिरात शिकता येते, पण तिचा सराव पाण्याच्या हंड्यापाशी होतो. ज्या घरात बारा वर्षांची बहीण आणि चौदा वर्षांचा भाऊ मागे राहतात, तेथे चूल बहिणीची आणि उनाडकी भावाची, हा नियम युवक कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत मोडून दाखवला पाहिजे. भाकरी करणारा, आजोबांचे कपडे धुणारा मुलगा थट्टेचा विषय होत नाही तोवर पोहोचणे हे व्याख्यानांनी होणार नाही. मोठ्या मुलांनी ते काम उघड्यावर, सर्वांसमोर केल्यानेच होईल.

तिसरी गोष्ट वेळेच्या हिशेबाची. राष्ट्रीय सेवा योजनेत महाविद्यालयीन स्वयंसेवकाकडून दोन वर्षांत २४० तासांच्या नियमित कामाची अपेक्षा असते, म्हणजे वर्षाला १२०. शंभर स्वयंसेवकांचे १२ हजार तास होतात. हंगाम दीडशे दिवसांचा धरला तर रोजचे ८० तास, म्हणजे चाळीस घरांतील चाळीस मुलांना रोज दोन तासांची मोकळीक मिळू शकते. रस्ते झाडण्याच्या छायाचित्रांत हे तास खर्च होण्यापेक्षा आजोबांजवळ बसण्यात, औषधे आणून देण्यात, तान्ह्याला खेळवण्यात खर्च झाले तर ती मुलगी त्या दोन तासांत अभ्यास करील किंवा नुसती खेळेल. खेळणे हाही तिचा हक्कच आहे. अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनी अंथरुणावरच्या माणसाला कसे वळवावे, कसे उचलावे, कोणत्या लक्षणांना घाबरून दवाखाना गाठावा, एवढे या मुलांना शिकवले तरी त्यांच्या मनावरचे निम्मे भय उतरेल.

येथे काही पथ्येही पाळली पाहिजेत. या मुलांची नावे फलकावर लिहू नयेत, त्यांचे जाहीर सत्कार करू नयेत, त्यांच्या घराची छायाचित्रे कोणत्याही प्रचारासाठी वापरू नयेत. त्यांच्या आईबापांना दोषी ठरवू नये, कारण पाच महिने पोरांपासून दूर राहण्याची हौस कोणालाच नसते. ‘तू किती करतेस’ असे म्हणण्यापेक्षा ‘आज पाणी मी आणतो’ असे म्हणावे. आणि घेतलेला शब्द हंगाम संपेपर्यंत पाळावा. दोन आठवडे येऊन नाहीसा होणारा स्वयंसेवक त्या मुलीला एवढेच शिकवून जातो की कोणावर विसंबण्यात अर्थ नाही.

तथापि तरुणांच्या सेवेने सरकार आणि कारखाने यांची सुटका होता कामा नये. सेवा ही मागणीची पूर्वतयारी आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात हे तत्त्व रुजवले की, असंघटित श्रमिकाच्या कल्याणाचा खर्च त्याच्या श्रमावर चालणाऱ्या धंद्याने सोसावा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये आणि तितकेच सरकारने द्यावेत, असे ठरले ते याच तत्त्वाला धरून. त्या निधीतून पहिला खर्च कोप्यांच्या प्रत्येक मोठ्या तळावर पहाटेपासून चालणाऱ्या पाळणाघरावर व्हावा, तेथे टोळीतील स्त्रियांना पूर्ण मजुरीवर नेमावे. ज्या गावांतून टोळ्या जातात त्या गावांतील अंगणवाड्या हंगामात सायंकाळपर्यंत चालाव्यात आणि अंगणवाडीताईंना त्या जादा तासांचा मोबदला मिळावा. मागे राहिलेल्या वृद्धांसाठी हंगामी सामुदायिक स्वयंपाकघर व आठवड्याची आरोग्यफेरी असावी. वसतिगृहाच्या प्रवेश-अर्जात ‘घरी कोणाचा सांभाळ करावा लागतो?’ हा प्रश्न छापला जावा आणि त्या उत्तराबरहुकूम व्यवस्था करणे बंधनकारक असावे.

यांतील कोणतीही मागणी अवास्तव नाही. टोळ्या गाव सोडण्याआधी, दसरा ते दिवाळी या अवधीत, प्रत्येक शाखेने आपल्या गावापुरती यादी करावी: कोणत्या घरात कोण मागे राहणार, त्यांपैकी कोण कोणाला सांभाळणार, आणि दिवसाचे किती तास. ही यादी हाती असेल तर ग्रामसभेत, पंचायत समितीत आणि कारखान्याच्या दारात बोलताना कार्यकर्त्याला विशेषणांची गरज पडणार नाही. साखरेच्या गोडीचा हिशेब आजवर टनांत आणि रुपयांत झाला. तो आता मुलांच्या तासांतही मांडला जावा, आणि ज्यांचे तास खर्च झाले त्यांना ते परत मिळावेत.